गुणाजी मोकलांची चिखल न पाहिलेली गाडी

गुणाजी मोकलांची गाडी डोंगर चढण्यासाठी बनवलेली होती आणि ती गणपतींच्या रांगेत उभी असायची. चारही चाकांना ताकद देणारी, ओढ्यातून जाणारी, दगडांवरून उड्या मारणारी. रंगवून झालेल्या मूर्तीवर जसं पातळ प्लास्टिक घालतात तसंच तिच्यावर घातलेलं असायचं. पावसाळा सुरू झाला की गुणाजी स्कूटरवरून भिजत पेणला जायचे, कारण गाडी काढली तर ती ओली होईल.

हमरापूरला त्यांचा मूर्तींचा कारखाना आहे. पत्र्याची लांब शेड, आत ओळीने गणपती, कोणी नुसते पांढरे, कोणी पीतांबरापर्यंत पोचलेले. आमचा श्रेयस शिशुवर्गात होता तेव्हापासून आमच्या रोह्याच्या घरी त्यांच्याकडचीच मूर्ती येते. गुणाजी साठीला टेकलेले आहेत. चष्म्याला मागून दोरा बांधलेला. मूर्तीचे डोळे ते स्वतः रेखतात, आणि त्या वेळी शेडमधले पंखे बंद, रेडिओ बंद, आणि त्यांची बायको शांती, जिला एरवी कोणी बंद करू शकत नाही, तीसुद्धा बंद. एवढा मान त्यांना वर्षातून काही आठवडेच मिळतो, म्हणून ते डोळे फार सावकाश रेखतात.

गिऱ्हाइकांची ते मुलाखत घेतात. मखर कुठल्या भिंतीला? घरात लहान मूल किती वर्षांचं? विसर्जन नदीत की पिंपात? एका माणसाने सांगितलं, टीव्ही काढून त्या टेबलावर बसवणार. गुणाजींनी विचारलं, "न् टीव्ही कुठं ठेवणार?" तो म्हणाला, शेजारीच. त्याला मूर्ती मिळाली नाही.

पाटाच्या बाबतीत तर त्यांचे नियम ऐकून घ्यावेत. आमच्याकडे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, वर नारळ-सुपारी ठेवायची. मूर्ती त्या पाटावर बसते. एकदा पाट दिला की ती मूर्ती तुमची. मग दुसरा कोणी दुप्पट देऊ म्हणाला तरी गुणाजी त्याला चहासुद्धा देत नाहीत. आणि हरितालिकेच्या दिवशी पाटाची एकही मूर्ती कारखान्यात राहता कामा नये. न ठरलेल्या मूर्ती वर्षभर पडून राहिल्या तरी चालतात, पण ठरलेली एक रात्रही जास्त नाही. एका वर्षी नागोठण्यात पाणी भरलं, रस्ता बंद झाला, आम्ही म्हटलं उद्या पहाटे जाऊ. संध्याकाळी गुणाजी टेम्पोने कुठून कुठून वळसा घालून आमच्या दारात. स्वतः कमरेपर्यंत भिजलेले आणि मूर्ती कोरडी. आम्ही आभार मानले तर म्हणाले, "तुमच्यासाठी नाय आलो. पाट तुमचा होता."

हे मी तेव्हाच नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

गाडी त्यांनी का घेतली त्याचीही गोष्ट आहे. मुंबईच्या एका मंडळाचा अध्यक्ष अशीच उंच गाडी घेऊन मूर्ती बघायला आला होता. अख्खं गाव मूर्ती सोडून गाडीभोवती जमलं. शांतीने गाडीच्या ड्रायव्हरला चांगल्या कपातून चहा दिला. गुणाजी त्या दिवशी एका मोठ्या मूर्तीचे डोळे रेखत होते आणि बघायला कोणीच नव्हतं. पुढच्या हंगामानंतर ते पनवेलला जाऊन नवी कोरी फोर बाय फोर घेऊन आले.

मग ती कुठे कुठे गेली? पेणच्या बाजारात गेली. रामवाडीला एका लग्नाला गेली, तिथे हॉलच्या मांडवात उभी करू द्या म्हणून गुणाजींनी वाद घातला. एकदा गावातच शेणावरून गेली, तर ते संध्याकाळभर टूथब्रश घेऊन टायरपाशी बसले होते. अशा गाडीत मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की चारही चाकं जोर लावतात, आणि गाडीचे सगळे पैसे त्या दांड्याचे असतात. गुणाजींनी त्या दांड्याला सिंहासनाच्या उरलेल्या मखमलीतून टोपी शिवून घेतली. लाल, वर सोनेरी गोंडा.

"चार चाकं फिरतात म्हणून घेतली," शांती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "एक पण फिरत नाय."

लोक अशा गाड्या रस्ता सोडून जाण्यासाठी घेतात. आमच्या महामार्गावर रस्ता न सोडताही तो सगळा अनुभव मिळतो, त्यामुळे इकडे अशी गाडी म्हणजे खरं तर चैन नव्हे. पण महामार्गावर खड्डे आहेत म्हणूनच गुणाजी तिला महामार्गावर नेत नसत.

शेवटी गुडघे कुरकुरायला लागले, उंच पायरी चढवेना. शिवाय गाडीच्या जागेत भरपूर मूर्ती मावल्या असत्या, हे शांती रोज जेवताना सांगायची. मग गुणाजींनी मोबाइलवर जाहिरात टाकली. "फोर बाय फोर विकणे आहे. एका हातातली. सावलीतली. चिखल पाहिलेला नाही. पावसात काढलेली नाही. खऱ्या माणसानेच फोन करावा." फोटोत गाडीच्या मागे रांगेने गणपती उभे. निम्मे लोक गणपतीचीच किंमत विचारत.

उरलेल्या निम्म्यांना गुणाजींनी नापास केलं. अलिबागकडचा एक बंगलेवाला म्हणाला, समुद्रकिनाऱ्यावर पळवीन. "खाऱ्या पाण्यात?" एवढंच बोलून गुणाजींनी फोन ठेवला. खोपोलीचा एक जण प्रत्यक्ष आला आणि टायर बघण्यासाठी त्याने टायरला पाय मारला. त्याला चपला घालायलाही वेळ मिळाला नाही. असं करत गाडी दोन-तीन हंगाम विकायला होती आणि जागची हलली नव्हती. मला ही माहिती दर वर्षी पाट देताना मिळायची आणि मी हसायची. तोवर हसणं परवडत होतं.

या वर्षी ती जाहिरात माझ्या मुलाने पाहिली.

श्रेयस धाटावला एका केमिकल कंपनीत आहे. शिफ्टहून आला की जेवताना मोबाइलवर चिखलात आडव्या पडलेल्या गाड्या बघतो. एक गाडी पडते, दुसरी तिला दोरीने ओढते, मग दुसरी पडते. त्यांचा एक ग्रुप आहे, नाव 'चिखलवीर'. दर रविवारी हे वीर कुठल्यातरी डोंगराचा उतार उकरून येतात, खाली कोणाची तरी बांधावरची भाजी तुडवतात, आणि संध्याकाळी निसर्गावर प्रेम करा असं लिहितात. श्रेयसकडे गाडी नव्हती म्हणून तो आतापर्यंत दुसऱ्यांच्या मागच्या सीटवर वीर होता. त्यांचा म्होरक्या ऋत्विक जूनमध्ये एका उतारावरून गाडीसकट लोळत खाली आला. खांद्यात धातूची पट्टी घातली. त्या एक्स-रेचा फोटो त्याने मोबाइलवर स्वतःच्या तोंडाच्या जागी लावला आहे.

"आई, गाडीने कोणी मरत नाही," श्रेयस म्हणाला.

"मग ऋत्विकच्या खांद्यात पट्टी कशाला?"

"त्याचे टायर चुकीचे होते."

पडून झाल्यावर टायर चुकीचेच असतात. मला त्या रात्रीपासून झोप नव्हती. डोळे मिटले की मला श्रेयसचा खांदा दिसायचा, काळ्या फिल्मवर पांढरा. माझा नवरा गोपाळ जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला आहे. तो म्हणाला, "जाऊ दे त्याला, निदान डोंगर कळतील." त्याने शिकवलेल्या कुठल्याही मुलाला डोंगर कळल्याचं माझ्या माहितीत नाही.

गुणाजी अनोळखी माणसाला गाडी देत नाहीत हे श्रेयसला कळलं होतं. म्हणून तो मलाच हमरापूरला घेऊन गेला. मी गिऱ्हाईक नव्हते, मी दाखला होते.

गुणाजींनी चष्म्यातून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठं फिरवशील?"

"आईला देवदर्शनाला नेईन, काका."

या मुलाने मला कधी बाइकवरून भाजी मंडईत नेलेलं नाही. गुणाजींनी प्लास्टिक काढलं, आणि दोघं पुढचं झाकण उघडून आत डोकं घालून उभे राहिले. शांतीने मला बाजूला घेतलं.

"वहिनी, खरा कुठं नेणार हाय?"

"डोंगरात. चिखलात."

"सांगू यांना? आत्ता हाकलतील."

"नको गं. तो माझ्याशी बोलायचा नाही."

शांती हसली. रंगाचे हात पदराला पुसत म्हणाली, "यांची गाडी न् तुमचा पोरगा. दोघांना पावसात सोडायचा नाय. मंग आणलीत कशाला दुनियेत?"

मला ते लागलं. तेवढ्यात गुणाजी परत आले. "पोरगा बरा हाय. घरातला हाय. नागपंचमी होऊ दे, मंग बघू." त्यांच्या तोंडून एवढं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. श्रेयस परतीच्या वाटेत शीळ घालत होता.

मी वाटेतच ठरवलं. पुढच्या आठवड्यात तो फर्स्ट शिफ्टला असताना एसटीने एकटीच हमरापूरला गेले. मूर्तीचा पाट दिला. मग म्हटलं, "गुणाजी, गाडी मी ठरवते. श्रेयसने नाही, मी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही चालवता?"

"नाही."

"भाऊ चालवतात?"

"ते सायकलवरून पडतात."

"मंग चालवणार कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

इतके हंगाम गुणाजी ज्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते ते समोर उभं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "गाडीला पाट कुठला? पुढं झाकणावर नारळ-सुपारी ठेवा. झाला पाट. पैशाचा गणपतीनंतर बघू."

मी नारळ-सुपारी ठेवली. माझा हिशोब असा: ठरलेली वस्तू गुणाजी दुसऱ्याला देणार नाहीत, मी कधी न्यायला येणार नाही, आणि ती जन्मभर शेडमध्ये गणपतींबरोबर सुरक्षित राहील. "मी सांगेन तेव्हाच नेईन," मी म्हटलं. "आणि श्रेयसला माझं नाव सांगायचं नाही."

"पाटावरचा नाव आम्ही कोणाला सांगत नाय."

नागपंचमीनंतर श्रेयस गेला आणि तोंड पाडून आला. गाडी कोणीतरी ठरवून गेलं होतं.

"कोणीतरी पैसेवाला असणार," तो जेवताना म्हणाला. "दारात उभी करून ठेवायला घेतली असेल. अशा लोकांना गाडीतलं काडीचं कळत नाही. नुसतं दुसऱ्याला मिळू नये म्हणून घेतात."

मी त्याला आणखी एक पोळी वाढली. त्या रात्री मला छान झोप लागली.

हरितालिकेच्या दिवशी मूर्ती आणायला गोपाळ दुपारी हमरापूरला जाणार होता. मी उपासाची, रांगोळीत बसलेली. पाऊस थोडा थांबला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

आधी शांती आली, स्कूटरवरून. तिच्या साडीवर, चष्म्यावर, केसांत, दातांवरसुद्धा चिखल होता. हमरापूरपासून रोह्यापर्यंत ती पुढे होती. खड्डा दिसला की डावा हात वर करायचा, मोठा असला तर दोन्ही. दोन्ही हात वर केल्यामुळे ती वडखळच्या पुढे एकदा पडलीही होती. तिच्या मागून, तिने दाखवलेला प्रत्येक खड्डा चुकवत, डोंगर चढण्यासाठी बनवलेली ती गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवून गुणाजींनी गाडी थांबवली होती, दारात आणण्याआधी ती पुसून घ्यायला.

मग ती दारात उभी राहिली. पुढच्या सीटवर पट्टा लावलेले आमचे गणपती, चेहऱ्यावर रुमाल. आणि गाडीच्या पुढच्या जाळीवरही रुमाल, कोरा, पिवळ्या काठाचा. ठरलेली वस्तू घरी जाईपर्यंत तिचं तोंड झाकायचं असतं. गाडीवर चिखलाचा एक ठिपका नव्हता.

"वहिनी, ओवाळा," गुणाजी म्हणाले.

"गुणाजी, मी सांगेन तेव्हा नेईन असं ठरलं होतं ना?"

"आज हरितालिका. पाटाची वस्तू कारखान्यात रात्रीची कशी ठेवू?"

"ती गाडी आहे."

"नारळ तुम्ही ठेवलात," गुणाजी म्हणाले, आणि शांतीकडे वळून, "शांती गो, टॉवेल आन. आरशावर शिंतोडा हाय."

"माझ्यावर पण हाय," शांती म्हणाली.

आमच्या गल्लीत अशा वेळी कोणी घरात राहत नाही. सगळे जमले. शेजारच्या विमलबाईंनी तर माझ्या हातातलं तबक घेऊन स्वतःच आधी ओवाळलं, आधी गणपतींना आणि मग बंपरला. त्या गर्दीत श्रेयसची बाइक येऊन थांबली. हेल्मेट काढून तो बघत राहिला. त्याने गाडी पाहिली, गुणाजींना पाहिलं.

"काका, ही कोणी घेतली?"

"आता पोचवली म्हंजे सांगायला हरकत नाय," गुणाजी म्हणाले. "तुझ्या आयशीनं."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते की ही मी तुझ्यासाठी नाही, तुझ्यापासून लांब ठेवायला ठरवली होती. पण त्याचा चेहरा पाहिला. दहावीचा निकाल लागला तेव्हाही तो असा दिसला नव्हता. तो सगळ्या गल्लीसमोर माझ्या पाया पडला. विमलबाईंनी डोळे पुसले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचा खांदा चाचपला, दोन्ही खांदे.

जाताना गुणाजींनी किल्ली श्रेयसच्या पुढे आलेल्या हातावरून माझ्या हातात ठेवली. "नाव तुमचा. एकदा घरी आली की ज्याच्या नावाचा पाट, त्यानं बसल्याशिवाय हलवायची नाय. मूर्तीला जो नियम तोच." श्रेयस हसला. त्याला ती गंमत वाटली. मला त्यात सुटकेची एकुलती एक वाट दिसली. पैसे श्रेयसने दिले, कागद माझ्या नावाने झाले.

गौरी-गणपती उठले. पहिल्याच रविवारी चिखलवीरांचा बेत होता, कोलाडच्या पुढे एक डोंगर. श्रेयसने किल्ली मागितली.

"मी पण येते," मी म्हटलं.

"आई, तिथे बायका येत नाहीत."

"नाव माझं आहे."

पायथ्याशी सगळे बूट घालून उभे होते. ऋत्विक एका हाताने सूचना देत होता, दुसरा वर जात नाही. मी थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर. "काकू, तुम्ही त्या दगडावर बसा, आम्ही येतो जाऊन," तो म्हणाला. मी पट्टा आणखी घट्ट केला.

समोर चढ होता, लाल, निसरडा, मध्ये पाण्याने कापलेली घळ. आमच्या आधीची गाडी निम्म्यावर गेली, घसरली आणि एक चाक हवेत ठेवून तिरकी लटकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आमची पाळी आली.

श्रेयसने छोट्या दांड्यावरची मखमलीची टोपी काढली आणि हात दांड्यावर ठेवला. हात तिथेच राहिला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी पाठांतर स्पर्धेत स्टेजवर जायच्या आधी त्याचे कान असेच व्हायचे, आणि मग त्याच्या पोटात दुखायचं. त्याने हात पँटला पुसला, पुन्हा ठेवला. बाहेरून ऋत्विक ओरडत होता, घाल, घाल.

श्रेयस माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आई, तुला चक्कर येतेय का?"

मला अजिबात चक्कर येत नव्हती.

"येतेय," मी म्हटलं.

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आईला बरं वाटत नाहीये रे. आज राहू दे." आणि गाडी इतकी सुबक वळवली की गुणाजींनी बघायला हवं होतं. खाली डांबरी रस्त्याला लागल्यावर त्याने टोपी पुन्हा दांड्यावर बसवली, गोंडा सरळ केला. मग आम्ही एका सपाट जागी थांबून थालीपिठं खाल्ली. त्याने चार खाल्ली. डोंगर चढून आलेल्या माणसाला लागावी तशी भूक लागली होती त्याला.

तेव्हापासून मला दर रविवारी चक्कर येते. कधी चढाच्या तोंडाशी, कधी ओढ्याच्या काठावर. चिखलवीरांमध्ये मी आजारी काकू म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आईला एवढं जपणारा मुलगा म्हणून श्रेयसचं कौतुक होतं. गोपाळ म्हणतो, एकदा डॉक्टरला दाखव. मी म्हणते, दाखवू, घाई काय आहे.

रविवारी संध्याकाळी गुणाजींचा फोन येतो.

"वहिनी, चिखल लागला?"

"पुढच्या टायरला थोडा."

"किती?"

"पुसला, गुणाजी."

मागून शांतीचा आवाज येतो. "अवो, माणसं बरी हायत का ते विचारा आधी."

ते विचारत नाहीत. ते विचारतात, "छोट्या दांड्याची टोपी हाय ना जागेवर?"

"आहे."

"मंग बरा हाय," गुणाजी म्हणतात आणि फोन ठेवतात.